सहाशे मीटर

मी मुळात भूगोलाचा.
खेळाचा तास माझ्या गळ्यात पडला
तो राणेबाई निवृत्त झाल्या त्या जूनमध्ये,
शिट्टीसकट.
शिट्टीतला मणी खाऱ्या हवेनं फुगलेला,
फुंकली की आधी थुंकी, मग आवाज.

शाळेला मैदान आहे, म्हणजे नकाशात आहे.
तिथे नव्या वर्गखोलीचे चिरे
चार वर्षं रचून ठेवलेत,
वर शेवाळ, आत एक धामण.
म्हणून आम्ही किनाऱ्यावर.

सातवीला गुरुवारी पाचवा तास.
समुद्राला हे वेळापत्रक कुणी कळवलेलं नाही.
रोज पाऊण-एक तास तो उशिरा येतो,
म्हणजे या गुरुवारी ओहोटी
तर पुढच्या गुरुवारी त्याच तासाला भरती.
(एवढं तरी माझ्या विषयानं मला दिलं.)
भरतीच्या गुरुवारी सुरूच्या बनात सूर्यनमस्कार,
बारा, आणि तळहातांत सुया.
ओहोटीच्या गुरुवारी धावणं.

सहाशे मीटर. फॉर्मवर तसंच छापलंय.
काळ्या खडकापासून
बाबल्या तांडेलाच्या होडीपर्यंत.
पहिल्या वर्षी मी पावलांनी मोजलं, आठशे पावलं,
आणि मोजलं ते मोजलं.

चैताली सारंग पहिली यायची,
स्कर्टचा काठ मुठीत धरून.
निहाल कोयंडे शेवटी.
इतका शेवटी, की तो पोचेपर्यंत
पुढच्यांच्या पावलांत पाणी भरून
बारके खेकडे फिरायला लागलेले असायचे.
एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाला,
"सर, ही वाट वाढता."
मी म्हटलं, वाट वाढत नाही रे, तू हळू होतोस.
पोरं हसली. मीही हसलो.
फॉर्मवर लिहिलं: सुधारणा आवश्यक.

फेब्रुवारीत तो बापाची फीत घेऊन आला,
नळजोडणीवाल्याची, तीस मीटरची,
एका कडेला एम-सील लागलेली.
बावीस वेळा अंथरली वाळूवर
तरी होडी पुढेच.
सहाशे बहात्तर.

बाबल्याला विचारलं.
प्रत्येक उधाणाला तो ती थोडी ओढतो,
थोडी वर, थोडी दक्षिणेला,
जाळी सुकवायला बरं पडतं.
"मास्तर, व्हडी म्हणजे काय देवळाचो खांब आसा?"

त्या रात्री मी जुने फॉर्म काढले.
चार तुकड्या. सरासरीपेक्षा कमी, सरासरीपेक्षा कमी,
मंगेश खवणेकर: दम कमी.
माझंच अक्षर.
मंगेश आता मुरगावच्या ट्रॉलरवर असतो,
दोन-दोन रात्री जाळं ओढतो म्हणे.
त्याला पत्र लिहावं असं वाटलं,
पण काय लिहिणार?
होडी सरकली होती, एवढंच?

आता बांबू रोवलाय, बरोबर सहाशेवर.
सगळ्यांचे आकडे सुधारले.
केंद्रप्रमुखांनी अभिनंदन केलं, मी ते घेतलं.
फक्त चैताली घुश्शात:
"मगे आमचे ते बहात्तर मीटर खंय गेले?"
मी फळ्यावर समजावलं असतं,
पण किनाऱ्यावर फळा नसतो.

आणि निहाल.
तो बांबूपाशी येतो, थांबत नाही,
त्याच चालीनं पुढे जातो होडीपर्यंत,
फळीवर दोन थापा मारतो
म्हशीच्या पाठीवर माराव्यात तशा,
आणि मग वळतो.
घड्याळ बांबूलाच थांबवायचं असतं.
माझा अंगठा मात्र अजून वरच असतो.

गेल्या गुरुवारी होडी समुद्रात गेलेली.
तरी गेला.
तिच्या बुडाचा लांबट खळगा होता वाळूत,
अर्धा पाण्यानं भरलेला.
त्याच्या काठावर उभा राहिला, धापा टाकत,
आणि क्षितिजाकडे बघून
मोठ्यानं ओरडला,
"सर, आता किती?"